दांडीवरचा हात

"हात मोडला तर कुणाचा?" इमाम वस्तादांनी विचारलं.

ते तालमीच्या ओट्यावर पाय सोडून बसले होते आणि मी त्यांच्यापुढे उभा होतो, अंगात मुंबईचा कोट, हातात टोपी. आत हौद्यातल्या तांबड्या मातीत दोन जोड्या झटत होत्या.

"मोडायचा नाही," मी म्हणालो.

"त्ये न्हाई इचारलं. मोडला तर कुणाचा?"

"हात येसबाचा, तर मोडेल तो येसबाचाच की."

"मास्तर, येसबाचा हात बारा वर्सं मी पोसलाय. त्यो त्येचा कसला? आजपतुर माझा हाय. तुमच्या मोटारीम्होरं दिला म्हंजी कुणाचा, तेवढं सांगा आन् न्या."

मला घाई होती. सरकारांचा हुकूम खिशात होता, तेव्हा वस्तादांना विचारायचीही गरज नव्हती. विचारून घ्यावं, बरं दिसतं, एवढ्यासाठी आलो होतो. "माझा," मी म्हणालो. "येसबाचा हात आजपासून माझा समजा."

"समजलो," वस्ताद म्हणाले आणि त्यांनी पानाचा डबा उघडला.

ही १९१३ सालची गोष्ट. मी हरिश्चंद्र नवलकर, जन्म गिरगावातला, मोटारीचं काम मुंबईच्या एका गॅरेजात शिकलेलो आणि वयाच्या सव्विसाव्या वर्षी दक्षिणेतल्या एका छोट्या संस्थानात मोटारीवर नोकरीला लागलेलो. संस्थानचं नाव लिहीत नाही. तिथल्या सरकारांची नातवंडं अजून भेटतात आणि नीट बोलतात. तिथे सगळे मला मोटारमास्तर म्हणत. मास्तरकी कसली, सगळ्या संस्थानात मिळून मोटारी दोन. एक राणीसाहेबांची, गरीब गाईसारखी. दुसरी सरकारांनी विलायतेहून आणवलेली शर्यतीची.

तिच्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तसलं जनावर आता कुणी बनवत नाही. त्या काळच्या लोखंडाला वेग सोसत नसे. इंजिन भरभर फिरवलं तर मोडे. म्हणून ताकद वाढवायची तर एकच उपाय होता, भांडं मोठं करायचं. आमच्या इंजिनाला नळकांडी चारच होती, पण चारींत मिळून पाण्याची अख्खी घागर रिकामी झाली असती. एकेक पिस्टन दोन्ही हातांनी उचलावा लागे. इंजिनाच्या मानाने माणसाला बसायला जागा म्हणजे मागे अडकवलेली एक खुर्ची, बस्स. टप नाही, काच नाही, चाकं फिरवायला सायकलसारख्या साखळ्या. चालू झालं की जमीन हादरे आणि बाजूच्या नळ्यांतून हातभर जाळ निघे. सरकारांना तो जाळ फार आवडायचा.

पण चालू करायचं कसं? पुढच्या बाजूला हँडल होतं. ते खालून वर जोरात ओढायचं, की आतला पिस्टन हवा दाबत वर जातो, ठिणगी पडते आणि इंजिन सुरू होतं. साध्या मोटारीचं हँडल मीही फिरवत असे. या इंजिनाचं हँडल मला अर्ध्यावरसुद्धा नेता येत नसे. पागेतले दोन मोतद्दार लावून पाहिले, त्यातला एक पाठ धरून बसला. शेवटी सरकार म्हणाले, "तालमीत एवढे रेडे पोसलेत ते कशाला?"

त्या रेड्यांतला सगळ्यांत तगडा येसबा चौगुले. चोवीस वर्षांचा. कोजागिरीला संस्थानच्या मैदानात त्याची पंजाबच्या एका नामी पैलवानाशी कुस्ती ठरलेली होती. तशी कुस्ती आमच्या बाजूच्या कुणाला तोवर मिळाली नव्हती. ती मारली असती तर येसबाचं नाव लाहोरपर्यंत गेलं असतं, आणि इमाम वस्तादांचंही. आणि कोजागिरीच्या पाच दिवस आधी, दसऱ्याला, सरकारांनी एक नवीनच टूम काढली होती. सीमोल्लंघन हत्तीवरून नाही, मोटारीतून करायचं. इंग्रजांचे एजंटसाहेब पाहुणे म्हणून यायचे होते.

वस्ताद पान लावत होते तेवढ्यात माझं लक्ष आत गेलं. एक पैलवान भिंतीला पाठ लावून नुसता उभा होता. बाकीचे घामाने निथळत होते, हा कोरडा.

"हा आजारी आहे का?" मी विचारलं.

"न्हाई. परवाच्या कुस्तीत पडला. का पडला ते त्यो सांगंल, तवा हौद्यात उतरंल."

"तुम्हाला माहीत नाही, का पडला ते?"

"मला बसल्या जागी कळलंय. पर मी सांगून काय उपेग? त्येची चूक त्येच्या तोंडनं याय पायजे."

"आणि नाहीच आली तर?"

"येती की," वस्ताद म्हणाले. "कुनाला एक दीस लागतो, कुनाला म्हैना. मला कुठं गावाला जायाचं हाय."

मी हसलो. मुंबईच्या माणसाला असल्या गोष्टींची गंमत वाटते.

दुसऱ्या दिवशी वस्ताद मोटारखान्यात आले. येसबा मागे होता. वस्तादांनी गाडीकडे पाहिलंच नाही, सरळ हँडलापाशी बसले आणि दोन्ही हातांनी ते हळूहळू वर आणलं. पिस्टन हवा दाबू लागला तसं हँडल जड झालं. वस्ताद थांबले. आतली हवा उलटी ढकलत होती, ते त्यांनी हाताने चाचपून पाहिलं आणि हँडल सोडून दिलं.

"ह्यो उलटा डाव टाकतोय," ते म्हणाले.

"टाकतो," मी म्हणालो. "पण एकच. आणि तो माझ्या हातात आहे." मग मी त्यांना स्टिअरिंगच्या चाकाजवळची दांडी दाखवली. ठिणगी केव्हा पडावी ते ही दांडी ठरवते. चालू करताना ती मागे ओढून धरायची, म्हणजे पिस्टन वर पोचून गेल्यावर ठिणगी पडते. दांडी पुढे राहिली तर पिस्टन वर पोचायच्या आधीच स्फोट होतो, इंजिन उलटं फिरतं आणि त्याबरोबर हँडलही. "मग ज्याच्या हातात हँडल असेल त्याची खैर नाही. पण दांडी मी धरणार आहे."

वस्तादांनी दांडी मागे ओढली आणि सोडली. ती टुणकन पुढे आली. तिला अडवणारे दाते झिजून गुळगुळीत झाले होते.

"ही ऱ्हात न्हाई की."

"नवा भाग विलायतेहून यायचा आहे. तोवर मी ती सुतळीने बांधून ठेवतो. ही पाहा."

त्यांनी सुतळी पाहिली, गाठ ओढून पाहिली आणि मान हलवली.

दुसरी गोष्ट अंगठ्याची होती. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांबरोबर एकाच बाजूला ठेवायचा, वेढा घालायचा नाही. म्हणजे हँडल उलटलं तर निदान हातातून सुटून जातं. अंगठा आत असेल तर तो मुळातून उखडतो. हे मोटारीवरच्या पहिल्या दिवशी शिकवतात. पण येसबा पडला पैलवान. आठव्या वर्षापासून मुद्गल फिरवलेला. मुद्गल असो की समोरच्याचं मनगट, अंगठ्याने कुलूप घालायचं, हे त्याच्या हाडात गेलेलं. मी शंभरदा सांगायचो आणि शंभरदा अंगठा आत जायचा.

शेवटी मी त्याचा अंगठा चिंधीने तर्जनीला बांधून टाकला. महिनाभर तो तसाच भाकरी खायचा, तसाच झोपायचा.

"मास्तर," तो म्हणायचा, "बायकू म्हनती, हाताला काय इंचवानं नांगी मारली का?"

"तिला सांग, विलायती इंचू आहे."

पोरगा हसरा होता. आणि फुकट शिकून घेणाऱ्यांतला नव्हता. संस्थानात येऊन मला दोन वर्षं झाली तरी मला मुजरा नीट जमत नसे. सरकारांची स्वारी दिसली, भालदाराची ललकारी झाली, की सगळा दरबार शेत वाऱ्याने वाकावं तसा वाके, आणि मी मात्र सगळे उठल्यावर वाकायचो. कारभाऱ्यांनी दोनदा तंबी दिली होती. तिसऱ्यांदा मुंबईची वाट धरावी लागेल, असं म्हणाले होते. येसबाने ते ऐकलं होतं.

"मास्तर, तुमचा मुजरा म्हंजी आडातनं पानी शेंदल्यागत दिसतोय," तो एकदा म्हणाला. "तुम्ही माझा अंगठा सोडवताय, मी तुमचा मुजरा बशिवतो. चला."

मग मोटारखान्यात रोज संध्याकाळी आमची शाळा भरे. माझं इंजिन पुसून झालं की तो दारात उभा राहून भालदारासारखी ललकारी ठोकायचा आणि मी जिथे असेन तिथून वाकायचो. उजवा हात जमिनीकडे, मग कपाळाला, तीनदा.

"डोस्क्यानं करू नगासा," तो सांगायचा. "इचार केला की येळ झाला. कानावर आली की आंग आपुआप वाकाय पायजे. कुस्तीत बी तसंच असतं."

वीस-बावीस दिवसांत माझं अंग आपोआप वाकायला लागलं. त्याचा अंगठाही सुटला. मी चिंधी सोडली, त्याला पाठमोरा उभा केला, गप्पा मारता मारता एकदम "धर" म्हणालो. त्याने वळून हँडल पकडलं. अंगठा बाहेर. मी वस्तादांना बोलावून दाखवलं, कारभाऱ्यांना दाखवलं, अख्ख्या कचेरीला दाखवलं. मला माझ्या शिकवण्याचा फार अभिमान वाटला होता, हे कबूल करतो. त्यामुळे अंगठ्याचा नियम संस्थानात पोराटोरांनाही पाठ झाला.

दसऱ्याच्या दुपारी आम्ही बैल जुंपून मोटार माळावर नेली. ती आपल्या पायांनी गेली असती, पण मग सरकार यायच्या आधीच तापून बसली असती. बेत असा होता. सरकार हत्तीवरून माळाच्या कडेपर्यंत येणार. हत्ती लांब थांबवायचा. कारभारी रुमाल हलवतील, की इंजिन सुरू करायचं. सरकार उतरून चालत येतील तेव्हा नळ्यांतून जाळ निघत असला पाहिजे. मग मी खाली उतरायचं, सरकारांनी बसायचं आणि सीमा ओलांडायची.

गाडीला झेंडूच्या माळा, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. माळावर चार-पाच हजार माणूस. एजंटसाहेबांसाठी मांडव घातलेला. कारभारी शेवटची नजर टाकायला आले आणि त्यांना सुतळी दिसली.

"हे काय? सीमोल्लंघनाच्या गाडीला सुतळी? गुरं बांधायचीत का इथे? काढा ती."

"दांडीसाठी आहे. ती राहत नाही म्हणून—"

"हाताने धरा. सरकार या जागेवर बसणार आहेत."

मी सुतळी सोडून खिशात घातली. पाच-दहा मिनिटांचा तर प्रश्न होता.

वस्ताद मांडवाच्या या बाजूला, गाडीपासून पंधरा-वीस पावलांवर उभे होते. नवा फेटा बांधला होता. मी जागेवर बसलो. डाव्या हाताने टाकीत हवा भरण्याचा पंप मारत राहायचं, नाहीतर पेट्रोल इंजिनापर्यंत चढत नसे. उजव्या हातात दांडी. येसबा पुढे हँडलापाशी वाकला. बोनेटवरून मला त्याचे खांदे आणि फेटा दिसत होता.

रुमाल हलला.

"धरलं, मास्तर?" येसबाने विचारलं. दर खेपेला ओढण्याआधी तो असं विचारायचा. ते आमचं ठरलेलं होतं.

"धरलं. ओढ."

त्याने ओढलं. इंजिनाने एक हुंदका दिला आणि गप्प झालं.

"धरलं?"

"धरलं."

पुन्हा तेच. दुपारच्या उन्हात उभं राहून पेट्रोल उडून गेलं असावं. मी पंप जोरात मारायला लागलो. हत्ती माळाच्या कडेला आला होता. सरकार उतरले होते, आणि कारभाऱ्यांनी सांगितलं होतं त्यापेक्षा भराभर चालत येत होते. कारभारी माझ्याकडे बघून हातवारे करत होते.

"धरलं, मास्तर?"

"धरलं. ओढ, येसबा!"

त्याच वेळी आमच्या मागून भालदाराची ललकारी उठली. माळावरची चार-पाच हजार डोकी एकदम खाली गेली. आणि मग तोफ उडावी तसा आवाज झाला.

गाडी जागच्या जागी हादरली. जाळ निघाला नाही, इंजिन चालू झालं नाही. पुढे येसबा दिसेना. मी उडी मारून गेलो तेव्हा तो चाकाजवळ बसला होता. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं होतं, आणि मनगटाच्या वरचा हात जिकडे वाकू नये तिकडे वाकला होता. तो ओरडत नव्हता.

वस्ताद आले. तालमीचे वस्ताद म्हणजे हाडवैद्यही असतात. त्यांनी येसबाचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि एकेक हाड चाचपलं. मनगट, मग करंगळीपासून एकेक बोट. शेवटी अंगठा. अंगठा त्यांनी पुढे-मागे करून पाहिला, मग पुन्हा एकदा पाहिला. येसबाच्या तोंडावर त्यासाठी रेषही हलली नाही. मग वस्ताद फेटा सोडून त्याची पट्टी फाडायला लागले.

सरकार येऊन उभे राहिले. मागे एजंटसाहेब.

"काय झालं?" सरकारांनी विचारलं.

कारभारी म्हणाले, "अंगठा आत घेतला असणार, सरकार. मास्तरांनी इतकं शिकवलं, पण शेवटी जात्याच आडदांड. काय हो मास्तर?"

सरकारांनी माझ्याकडे पाहिलं. वस्ताद पट्टी बांधत होते, त्यांची मान खालीच होती. येसबा मात्र माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, दुखतंय म्हणून बघतोय.

"तसंच असावं, सरकार," मी म्हणालो.

"हत्ती आणा," सरकार म्हणाले, आणि सीमोल्लंघन दरवर्षीसारखं हत्तीवरून झालं.

आता जे लिहिलं नाही ते लिहितो. ललकारी झाली तेव्हा माळावर एकच माणूस वाकला नाही, येसबा. तो आधीच वाकलेला होता, हँडलावर. बाकी सगळे वाकले आणि त्यांत मीही होतो. बसल्या जागेवरून अर्धा उठून, पुढे झुकून, उजवा हात खाली आणि मग कपाळाला. इतका सुरेख मुजरा मी आधी कधी केला नव्हता. पहिल्यांदा हात कपाळाला लागला तेव्हा स्फोट ऐकला. दांडी मोकळी होती.

डाव्या हाताने धरायला काय झालं होतं, पंप एक क्षण थांबला असता तर काय बिघडलं असतं, हे मी स्वतःला पुष्कळ विचारलं आहे. खोटं का बोललो, हे मात्र फारसं विचारलं नाही, कारण त्याचं उत्तर मला माहीत होतं. भ्यालो. नोकरी गेली असती. एवढंच. त्यात दुसरं काही शोधण्यासारखं नाही.

कोजागिरीला येसबाच्या जागी दुसरा पैलवान उतरला. पंजाबच्या पैलवानाने त्याला पाण्याचा घोट घ्यावा तसा घेतला. येसबाचं हाड सांधलं, पण हात पुरता सरळ झाला नाही आणि मनगट वळेना. त्याच्या नावाची मोठी कुस्ती पुन्हा कधी लागली नाही. मी त्याला दोनदा भेटायला गेलो, फळं घेऊन. दोन्ही वेळा तो इकडचं तिकडचं बोलला. तालमीत मात्र मी पाऊल टाकलं नाही. पुढच्या वर्षी लढाई सुरू झाली, पेट्रोल मिळेनासं झालं, सरकारांचा मोटारीचा शौक उतरला आणि मी मुंबईला परत आलो.

त्या वर्षी दसरा झाल्यावर मला पोस्टाने एक पाकीट आलं. आत आपट्याचं एक पान आणि कुणा कारकुनाकडून लिहवून घेतलेली ओळ. "सोनं घ्या. एकदा तालमीत येऊन जा. इमाम वस्ताद." मला बरं वाटलं. म्हातारा राग धरून नाही म्हणायचा, असं मनात आलं. मी उलट टपाली नमस्कार कळवला. पुढच्या दसऱ्याला पुन्हा पाकीट, पुन्हा तीच ओळ. अशी नऊ पाकिटं आली. दहाव्या वर्षी आलं नाही.

मी गेलो तो एकतीस साली. जुने सरकार वारले होते. नव्या सरकारांना ते इंजिन नदीवर बसवून उसाला पाणी पाजायचं होतं, आणि ते उघडणारा माणूस दुसरा कोणी राहिला नव्हता. मोटारीचा सांगाडा कधीच भंगारात गेला होता. इंजिन मोटारखान्यात लाकडी ठोकळ्यांवर बसलेलं होतं, वर कोंबड्यांची विष्ठा. दांडी अजून जागेवर होती. मी मागे ओढली, सोडली. ती टुणकन पुढे आली.

त्या संध्याकाळी मी तालमीत गेलो.

ओट्यावर वस्ताद बसायचे तिथे येसबा बसला होता. केस पिकले होते, पोट सुटलं होतं. आता तोच वस्ताद होता. मला बघून उठला, उजवा हात पुढे केला, तो मनगटाच्या वर तसाच वाकडा. मी हातात घेतला.

"लई दिसांनी, मास्तर."

"वस्ताद कधी गेले?"

"नऊ वर्सं झाली."

आम्ही बसलो. चहा आला. आत हौद्यात पैलवान झटत होते, आणि त्यांच्या धापांखेरीज काही ऐकू येत नव्हतं. मी अठरा वर्षं मनात घोळवलेली वाक्यं जुळवायला लागलो. त्याला काहीच माहीत नाही, मी सांगणार आणि त्याला धक्का बसणार, अशी माझी कल्पना होती.

"येसबा," मी म्हणालो, "तुझा अंगठा त्या दिवशी आत नव्हता."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याला त्याच्या बापाचं नाव सांगत होतो.

"अंगठा माझा, मास्तर," तो म्हणाला. "त्यो कुठं हुता ते मला ठावं नसंल व्हय?"

मी चहाचा पेला खाली ठेवला.

"तुम्ही वाकलासा, तेबी कळलं. ललकारी मी बी ऐकली की. मीच बशिवला हुता तुमचा मुजरा." तो थोडा हसला. "मनात म्हनलं, बेस बसला."

"मग बोलला का नाहीस? तिथेच? सरकार विचारत होते."

"बोलनार हुतो. वस्तादांनी हात दाबला."

"वस्तादांनी?"

"त्येस्नी बी कळलं. अंगठा चाचपला तवाच. आत असता तर पैला त्योच उखडला असता. त्यो साबूत. मग दांडीच सुटली, दुसरं काय? मला घरला नेलं तवा मी म्हनलं, वस्ताद, सरकारांस्नी सांगूया. तर म्हनले, गप ऱ्हा. मास्तरानं शबूद दिलाय, हात माझा म्हनून. त्यो ईल आन् सांगंल. आपुन सांगितलं तर त्येचं त्येच्यापाशीच ऱ्हाईल."

मी हौद्याकडे पाहत होतो. पलीकडे तीच भिंत होती. पाठी टेकून टेकून तिचा एक पट्टा काळा पडला होता. त्या संध्याकाळी तिथे कोणी उभं नव्हतं.

"आपट्याचं पान," मी म्हणालो.

"मीच टाकायचो पोस्टात. दसऱ्याच्या आदल्या दिशी इचारायचे, मास्तरास्नी धाडलं का? मग दिवाळीपतुर रोज इचारायचे, मास्तर आला का? शेवटाला अंथरुनावर हुते, डोळं दिसत न्हवतं. दारात कुनी आलं की म्हनायचे, कोन, मास्तर?"

मला लाज वाटली, रडूही आलं, आणि ते मी लपवलं नाही. येसबाने दुसरीकडे तोंड केलं. नऊ वेळा एका माणसाने मला सोडवायला हात पुढे केला होता, आणि मी त्याला उलट टपाली नमस्कार पाठवत होतो.

थोड्या वेळाने मी उठलो. बूट काढले, हौद्याच्या कडेकडेने पलीकडे गेलो आणि त्या काळ्या पट्ट्याला पाठ लावून उभा राहिलो. पैलवान थांबून बघायला लागले. माझ्या अंगात अजून कोट होता, वय शेहेचाळीस, डोक्याला टक्कल. येसबाने त्यांना हाताने खूण केली, तसे ते पुन्हा लागले.

"दांडी माझ्या हातात होती," मी म्हणालो. "मुजऱ्यासाठी मी हात सोडला. सरकारांनी विचारलं तेव्हा खोटं बोललो. हात माझा होता, वस्ताद."

येसबा ओट्यावरून उतरून हौद्याच्या कडेला आला होता. मी 'वस्ताद' म्हणालो ते त्याला की गेलेल्यांना, हे त्याने विचारलं नाही.

"झालं," तो म्हणाला. "सांगितलंसा. आता उतरा हौद्यात. त्ये असते तर ह्येच म्हनले असते."

"ते असते तर उतरलो असतो," मी म्हणालो.

तो परत जाऊन ओट्यावर बसला. पैलवानांचा सराव संपेपर्यंत मी तिथेच भिंतीपाशी उभा राहिलो.